अकरा पुस्तकं वाचून झाल्यावर: बालपणीच्या दीर्घ आघाताचं एक प्रकरण

वय ३४, शिक्षण एम.कॉम., वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सची नोकरी. घणसोलीत वन बीएचके. घरात नवरा, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. माहेर कळव्याचं. पहिल्या भेटीला ती दोनशे पानी वही घेऊन आली. गेल्या चार वर्षांत वाचलेल्या अकरा स्वमदत पुस्तकांतले उतारे त्यात होते, तीन रंगांच्या पेनांनी अधोरेखित केलेले. आपल्याला काय झालंय, कशामुळे झालंय, त्याला काय म्हणतात, हे ती न अडखळता सांगत होती. आवाज मात्र दुसऱ्याच कुणाची फाइल वाचून दाखवावी तसा सपाट होता.

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं ते एका व्यक्तीत गुंफलं आहे, त्यामुळे वय, नोकरी, प्रश्नावलीचे आणि सेशनचे आकडे नमुन्यादाखल आहेत. कामाची पद्धत आणि तिचा क्रम मात्र प्रत्यक्षात वापरतात तोच.

तक्रार काय होती

ऑफिसच्या चॅटवर सरांचा मेसेज आला, 'पाच मिनिटं बोलायचंय', की हात गार पडायचे, पोटात गोळा यायचा आणि उरलेला दिवस वाया जायचा. घरी मुलीच्या हातून दूध सांडलं तर ती इतक्या जोरात ओरडायची की सासूबाई किचनमधून बाहेर यायच्या. मग रात्रभर स्वतःची लाज. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलनं घरी येताना घणसोली कधी गेलं ते कळायचं नाही, तुर्भे आलं की भान यायचं. मोबाइलमध्ये डोकं घातल्यामुळे हे होत नव्हतं. मधली दहा-बारा मिनिटं आठवणीतच नसायची. झोप चार-साडेचार तास. आणि अधूनमधून येणारा विचार: सकाळी जागच येऊ नये.

हा शेवटचा विचार पहिल्याच भेटीत सरळ विचारून घेतला. किती वेळा येतो, काही ठरवलं आहे का, हाताशी काय आहे. विचारल्यानं असा विचार डोक्यात घातला जात नाही. उलट बोलता आल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. ठरवलेलं काही नव्हतं, पण ओळखीच्या केमिस्टकडून घेतलेली अल्प्राझोलामची, म्हणजे घबराट दाबणाऱ्या गोळीची, स्ट्रिप पर्समध्ये होती. ती नवऱ्याकडे द्यायची ठरली. एका कागदावर चार ओळी लिहिल्या: विचार वाढू लागल्याची माझी तीन लक्षणं, मी एकटी करू शकते अशा दोन गोष्टी, फोन करायची दोन माणसं, आणि १४४१६. हा टेली-मानसचा क्रमांक. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. कागदाचा फोटो मोबाइलमध्ये आणि नवऱ्याकडे. हे झाल्याशिवाय बालपणाचा विषय उघडला नाही.

बालपण

वडील प्यायचे, पण रोज नाही. हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. आज बाबा कसे येतील ते जिन्यातल्या पावलांवरून ओळखायचं, हे ती पाच-सहा वर्षांची असल्यापासून शिकली. पट्ट्याचा मार, कधी रात्री गॅलरीत उभं करून दार लावून घेणं. आई मारायची नाही, अबोला धरायची, चार-चार दिवस. आजी म्हणायची, 'ही जन्मली आणि घरातली शांतता गेली.' शाळेत ती कायम पहिल्या पाचात. बाहेरच्यांना घर चांगलंच दिसत होतं.

एखादा अपघात किंवा एकच हल्ला आणि असं बालपण, यांत फरक आहे. मुलाला ज्यांची भीती वाटते त्यांच्याशिवाय त्याचं चालत नाही. आईवडील वाईट आहेत असं मानलं तर जगात आधारच उरत नाही. म्हणून मूल उलटा निष्कर्ष काढतं: मीच वाईट आहे, मी सुधारले की हे थांबेल. त्या वयात हा निष्कर्ष मुलाला जगवतो. तिसाव्या वर्षी तोच नोकरीत, संसारात आणि आरशासमोर बोलत राहतो. शिवाय सतत कानोसा घेत वाढलेलं शरीर धोका नसतानाही पहारा सोडत नाही.

निदान

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात कॉम्प्लेक्स पीटीएसडी (पीटीएसडी म्हणजे आघातानंतरचा ताणविकार) हे स्वतंत्र निदान आहे, संकेतांक ६बी४१. ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात हे वेगळं निदान नाही, त्यामुळे एका डॉक्टरांच्या कागदावर एक आणि दुसऱ्यांच्या कागदावर दुसरं नाव दिसू शकतं. रुग्णानं त्यावरून घाबरून जायचं कारण नाही. निदानासाठी पीटीएसडीचे तीन गट लागतात: प्रसंग आत्ता घडतोय असा पुन्हा अनुभव, टाळाटाळ, सततची धोक्याची जाणीव. त्यांच्या जोडीला आणखी तीन: भावना आवरता न येणं, स्वतःबद्दल खोलवर वाईट मत, आणि नात्यांत जवळीक टिकवता न येणं.

यासाठी इंटरनॅशनल ट्रॉमा प्रश्नावली वापरली. १८ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण. त्यातले सहा पहिल्या तीन गटांचे, सहा दुसऱ्या तीन गटांचे, बाकीचे सहा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो याचे. २ किंवा जास्त गुण म्हणजे ते लक्षण आहे असं धरतात. तिचे पहिल्या भागात २४ पैकी १५, दुसऱ्यात २४ पैकी १९. दुसरा भाग जड असणं हे या प्रकारच्या आघातात अनेकदा दिसतं.

प्रश्नावली ऑनलाइन मिळते म्हणून घरी भरून निदान करू नये. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घेतलं. तिचं बी-१२ खरोखर कमी निघालं आणि थकव्याचा काही भाग त्याचा होता. सीमारेषेवरचा व्यक्तिमत्त्व विकार (बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर), एडीएचडी (लक्ष टिकवता न येण्याचा विकार), नैराश्य यांची लक्षणं यात मिसळतात. लोकलमध्ये भान हरपणं हे विलगीकरण (डिसोसिएशन, म्हणजे मन आजूबाजूपासून तुटणं) आहे की फिट्सचा प्रकार, हेही न्यूरॉलॉजिस्टकडून एकदा पाहून घेतलं.

पुस्तकांनी काय दिलं आणि काय बिघडवलं

पुस्तकांनी तिला आधी शब्द दिले, आणि त्यांचं मोल कमी लेखू नये. 'भावनिक फ्लॅशबॅक' ही कल्पना पीट वॉकर या अमेरिकन थेरपिस्टांनी रूढ केली: डोळ्यांपुढे चित्र काहीच येत नाही, पण त्या वयाची भीती किंवा लाज अंगभर पसरते. सरांच्या मेसेजनं आपल्याला काय होतं याचं उत्तर तिला एका परिच्छेदात मिळालं होतं. मी वेडी नाही, हे कळायला तीस वर्षं लागली होती.

बिघडलं ते तीन जागी.

पहिली जागा, वाचन हेच टाळणं झालं. दुखऱ्या भावनेजवळ पोहोचली की ती पुढचं प्रकरण उघडायची, नवी संज्ञा उतरवायची. समजलं की बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यात भावना अनुभवायची राहून जाते. चार वर्षांत पुस्तकं अकरा झाली, त्यांतले व्यायाम सलग दोन आठवडेसुद्धा केले नव्हते. शिवाय घरातल्या प्रत्येकाला ती लेबल लावू लागली होती. नवरा 'गोठणारा', सासूबाई 'आत्ममग्न'. यानं नवरा दुखावला होता, आणि ते रास्तच होतं.

दुसरी जागा उलट टोकाची. एका रात्री साडेअकराला, सगळे झोपल्यावर, तिनं 'आतल्या लहान मुलीला पत्र लिहा' हा व्यायाम केला. पाच पानं झाली आणि मग थांबताच येईना. पुढचे तीन दिवस ऑफिसला जाता आलं नाही. व्यायाम वाईट नव्हता. वेळ, मात्रा आणि क्रम चुकला होता. आघाताची आठवण उघडली की शरीर ती आत्ताचीच समजून प्रतिसाद देतं. परत वर्तमानात यायची सवय अंगात मुरली नसेल तर आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. रात्री, झोपेचं कर्ज असताना, सोबत कुणी नसताना तर नाहीच नाही.

तिसरी जागा, ही पुस्तकं बहुतेक अमेरिकन वाचकासाठी लिहिलेली आहेत. त्यांत माणूस वेगळ्या घरात राहतो, दार बंद करू शकतो, आईवडिलांशी संबंध तोडायचे की नाही हा त्याचा एकट्याचा निर्णय असतो. इथं माहेर पाच स्टेशनांवर, भावाच्या मुलाची मुंज दोन महिन्यांवर, आणि वन बीएचकेत दार बंद केलं की सासूबाई काळजीनं विचारतात, 'काय गं, बरं नाही का?' पुस्तकातला सल्ला तसाच्या तसा लावता आला नाही की तिला वाटायचं, यातही मी नापास. ही नापासाची भावना जुन्याच आजाराची आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

स्वतःला आरशात बघून 'मी स्वतःवर प्रेम करते' म्हणायचा व्यायामही असाच उलटला होता. मनातला मुळातला समज जितका घट्ट, तितकं त्याच्या थेट विरुद्ध वाक्य खोटं वाटतं आणि टीकाकार, म्हणजे सतत दोष देणारा आतला आवाज, आणखी चेकाळतो. त्याऐवजी खरं असलेलं, साधं वाक्य चालतं: 'मी आत्ता घाबरले आहे. मी ३४ वर्षांची आहे. आजचं काम मी पूर्ण केलं आहे.'

आधीची थेरपी का थांबली

दोन वर्षांपूर्वी ती एका समुपदेशकाकडे चार वेळा गेली होती. दुसऱ्याच भेटीत सगळं बालपण सांगायला लावलं गेलं, चौथ्या भेटीत 'आईवडिलांना माफ करून टाका' असा सल्ला मिळाला. तिनं जाणं बंद केलं आणि दोष स्वतःला दिला.

थेरपिस्ट निवडताना विचारायचे प्रश्न म्हणून तिला चार दिले होते, ते कुणालाही उपयोगी पडतील. बालपणीच्या आघातावर तुम्ही कोणत्या पद्धतीनं काम करता आणि तिचं प्रशिक्षण कुठं घेतलं? तुमच्या कामावर देखरेख करणारे वरिष्ठ कुणी आहेत का? सेशनमध्ये मी भान हरपले तर तुम्ही काय कराल? पुस्तक वाचून आलेलं तुम्हाला चालेल का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्याचं सांगत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारायला संकोच नको. ठाण्यात पर्याय आहेत: डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था, खासगी थेरपिस्ट, आणि पैशांची ओढाताण असेल तर १९०१ पासूनच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी. या रुग्णालयाच्या नावानं लोक अजून बिचकतात. ओपीडीत जाणं म्हणजे दाखल होणं नव्हे.

पहिले चार महिने: आठवणींना हात नाही

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडलेले तीन टप्पे, सुरक्षितता, आठवण आणि शोक, पुन्हा जोडलं जाणं, हा कामाचा ढाचा होता. स्थिर करण्याचा पहिला टप्पा प्रत्येकाला लांबवायची गरज आहे का, यावर तज्ज्ञांत खरा मतभेद आहे; काहींच्या मते तो लांबवल्यानं उपचारच पुढे ढकलले जातात. हा आक्षेप योग्य आहे असं आम्हाला वाटतं. पण जी व्यक्ती रोजच्या लोकलमध्ये भान हरपते, तिच्या बाबतीत घाई नको, असं इथं ठरलं.

आठवड्याला एक सेशन, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला, नौपाड्यात. सेशन संपल्यावर लगेच ट्रेन नाही. अर्धा तास तलावपाळीला एक फेरी, काहीतरी खाणं, मग स्टेशन. हा अर्धा तास उपचाराचाच भाग धरला होता, कारण सेशनमधून थेट गर्दीत शिरलं की जे खुलं झालं आहे ते तसंच उघडं राहतं.

साधनं शिकवताना एक गोष्ट पुस्तकांत अनेकदा सुटते. उत्तेजना वाढलेली असते तेव्हाचं साधन वेगळं, आणि सुन्न पडतं तेव्हाचं वेगळं. छाती धडधडतेय, राग येतोय तेव्हा श्वास: चार मोजून आत, सहा ते आठ मोजून बाहेर, पाच मिनिटं. बाहेरचा श्वास लांब हवा. 'खोल श्वास घे' म्हटल्यावर लोक छाती भरभरून आत घेतात आणि त्यानं चक्कर येऊन घाबरणं वाढतं. सुन्न पडतं, आवाज लांबून येतात, तेव्हा श्वासावर लक्ष देणं उलट आत ओढतं. तेव्हा उभं राहायचं, दोन्ही तळवे भिंतीला लावून दहा सेकंद पूर्ण जोर, असं पाच वेळा. तोंडात तीव्र चव. तिच्या पर्समध्ये आवळासुपारीची डबी आली. लोकलसाठी नियम: ऐरोली सुटली की जागेवरून उठायचं, दांडी धरायची, मनात तारीख, वय आणि पुढचं स्टेशन म्हणायचं. 'आज गुरुवार, मी ३४ वर्षांची, पुढे रबाळे, मग घणसोली.' महिन्याभरात तुर्भ्यापर्यंत जाणं जवळपास थांबलं.

डोळे मिटून ध्यान तूर्त वर्ज्य ठेवलं. एका नातेवाइकांनी इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा सल्ला प्रेमानंच दिला होता. शिबिराबद्दल काही म्हणायचं नाही, पण दहा दिवस मौन आणि तासन्‌तास मिटलेले डोळे या टप्प्यावर आठवणींचा लोंढा आणू शकतात. ध्यान करायचंच तर डोळे उघडे, एका वस्तूवर नजर, तीन मिनिटं.

नोंदवही ठेवली ती अशी. 'आकडा' म्हणजे त्या क्षणी त्रास दहापैकी किती. नमुन्याचं एक पान:

'मंगळवार, दुपारी ३.४०. काय घडलं: सरांचा मेसेज, पाच मिनिटं बोलायचंय. अंगात: हात गार, पोटात गोळा, कानात दडे. आकडा: ८. किती वर्षांची वाटले: ९. मनात: माझं काहीतरी चुकलंय, आता सगळ्यांसमोर होणार. काय केलं: वॉशरूममध्ये भिंतीला जोर, आवळासुपारी, तारीख आणि वय. २० मिनिटांनी आकडा: ४. प्रत्यक्षात निघालं काय: जीएसटीच्या एका नोंदीबद्दल विचारायचं होतं.'

शेवटचा रकाना नंतर जोडला आणि सगळ्यात जास्त काम त्यानं केलं. भीतीनं केलेलं भाकीत आणि प्रत्यक्ष घडलेलं, दोन्ही एकाच पानावर, तिच्याच अक्षरात. सहाएक आठवड्यांच्या नोंदी तिनं एका बैठकीत वाचल्या तेव्हा बहुतेक ठिकाणी काहीच झालं नव्हतं हे तिला तर्कानं पटवावं लागलं नाही.

पुस्तकाची मात्रा

पुस्तकं बंद करायला सांगितली असती तर तिचा एक आधार गेला असता. म्हणून एकच पुस्तक ठेवलं, बाकीची दहा कपाटात. तेही सलग वाचायचं नाही. कुठलं प्रकरण कधी, हे सेशनमध्ये ठरायचं. आधी कौशल्यांची प्रकरणं, मग टीकाकाराबद्दलची, आठवणींची आणि शोकाची शेवटी. एका बैठकीत २० मिनिटं किंवा चार-पाच पानं, जे आधी होईल ते. मोबाइलवर टायमर. आठवड्यात तीनच बैठका. रात्री नऊनंतर नाही, आईशी फोन झाल्यावर त्या दिवशी नाही, लोकलमध्ये नाही. वाचण्याआधी आकडा लिहायचा, मध्ये ६ च्या वर गेला की वाक्य अर्धं असलं तरी पुस्तक मिटायचं. वाचून झाल्यावर दोनच ओळी: एक लागू पडणारी, एक न पडणारी. 'न पडणारी' ओळ सक्तीची होती, कारण पुस्तकाशी असहमत होता येतं हे तिला शिकायचं होतं. मग दहा मिनिटं हातानं करायचं काम. ती भाजी निवडायची.

व्यायाम आधी थेरपिस्टसमोर, मग घरी. आतल्या लहान मुलीला पत्र हा तोच व्यायाम पाचव्या महिन्यात पुन्हा केला: सेशनमध्ये, आठ ओळींत, दुपारी. रडू आलं आणि थांबलंही.

घरात जागा कुठं, हा प्रश्न किरकोळ नाही. सकाळी साडेसहा ते सात, सासूबाई खाली फेरी मारायला जातात, ती वेळ वाचनाची ठरली. वही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलुपात. आपलं लिहिलेलं कुणी वाचेल ही धास्ती असेपर्यंत वहीत खरं उतरत नाही. बरसात नसेल तेव्हा फोनवरचं बोलणं सोसायटीच्या गच्चीत.

नवऱ्याला एका सेशनला बोलावलं. 'विसर आता ते' म्हणायचं थांबवायचं आणि विचारायचं, 'पाणी आणू, की थोडा वेळ एकटी बसतेस?' एवढंच काम त्याला दिलं. पुस्तकातली लेबलं घरात वापरायची नाहीत, हे तिनं त्याच्यासमोर कबूल केलं.

मुलीवर ओरडणं पूर्ण थांबेल अशी अपेक्षा ठेवली नाही. ओरडल्यावर तासाभरात परत जायचं, तिच्या उंचीला बसायचं आणि म्हणायचं, 'मगाशी मी जोरात ओरडले. दूध सांडतं कधीकधी, त्यात तुझं काही वाईट नव्हतं. ओरडले ते माझं चुकलं.' आपलं बालपण मुलीला समजावून सांगायचं नाही, तिच्याकडून 'असू दे आई' वदवून घ्यायचं नाही. या घरात भांडणानंतर कुणीतरी परत येतं, हा अनुभव मुलीच्या आईला स्वतःच्या लहानपणी कधी मिळाला नव्हता.

औषध आणि पैसे

सायकियाट्रिस्टनी सर्ट्रालिन ही नैराश्य आणि चिंतेवरची गोळी २५ मिलिग्रॅमपासून सुरू करून ५० वर नेली. असर दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ होऊ शकते, हे आधीच सांगितल्यामुळे गोळी मध्येच सुटली नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या पीटीएसडीत टाळण्याकडेच कल असतो, कारण सवय लागते आणि मूळ भीती तशीच राहते. ती रोज घेत असती तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करावी लागली असती. एकदम बंद करणं धोक्याचं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. मात्र बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचा खर्च देतात, थेरपीची फी नाही. म्हणून पहिले चार महिने दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी असं वेळापत्रक फी लक्षात घेऊनच केलं. अर्ध्यात पैसे संपून थेरपी तुटण्यापेक्षा हे बरं.

आठवणींवर काम

पाचव्या महिन्याच्या शेवटी ईएमडीआर सुरू केलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ मध्ये सुरुवात केलेली ही आठ टप्प्यांची पद्धत; त्रासदायक आठवण मनात ठेवून डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शनात आघातकेंद्री सीबीटीबरोबर (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) तिचंही नाव आहे. सुरुवात सगळ्यात भयंकर आठवणीनं केली नाही. पाचवीचा निकाल, गॅलरी, बंद दार ही मधली आठवण निवडली. त्रासाचा आकडा दहापैकी ८. जोडलेला समज: 'मी ओझं आहे.' हवा असलेला: 'मी लहान होते, दोष माझा नव्हता.' हे वाक्य किती खरं वाटतं, १ ते ७ मध्ये: २.

थेरपिस्टच्या बोटांमागे डोळे, साधारण २४ फेऱ्यांचा एक संच, मग थांबून 'आता काय येतंय?' एवढाच प्रश्न. दुसऱ्या सेशनमध्ये गॅलरीच्या फरशीचा गारवा पायांना जाणवला, आणि त्यानंतर प्रथमच राग आला, शेजाऱ्यांच्या पेटलेल्या दिव्याचा. ते जागे होते. या रागानं ती दचकली. तोवर सगळा राग स्वतःवरच होता. चौथ्या सेशनअखेर त्रास १, वाक्य ६. सेशननंतर दोन-तीन दिवस स्वप्नं वाढू शकतात, हे आधी सांगायलाच हवं, नाहीतर माणूस प्रकृती बिघडली समजून थांबतो.

सातवा महिना

इथं घसरण झाली. वडिलांबद्दलच्या एका सेशननंतर त्याच रात्री तिनं कपाटातलं दुसरं पुस्तक काढलं, आईवडिलांना सामोरं जाण्याचं प्रकरण वाचलं आणि आईला अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. आईनं तो भावाला ऐकवला, भावानं मामांना. रविवारी कळव्यात बैठक बसली. 'एवढं शिकवलं, लग्न करून दिलं, आणि आता हे?' बाबा एक शब्द बोलले नाहीत. पुढचे तीन आठवडे झोप पुन्हा चार तासांवर, लोकलमध्ये पुन्हा तुर्भे.

कारण समजून घेण्यासारखं आहे. आठवण मोकळी झाली की बळ येतं, आणि त्या बळात एक छुपी आशा असते: आता मी नीट सांगितलं तर ते कबूल करतील. सामोरं जाण्याचा हेतू समोरच्याकडून काही मिळवणं असेल तर हमखास आतली नऊ वर्षांची मुलगीच बोलायला जाते. ईएमडीआर थांबवलं, तीन आठवडे पुन्हा पहिल्या टप्प्याची कामं केली. नवा नियम झाला: माहेरी जाणारा कुठलाही लांब मजकूर ७२ तास तसाच ठेवायचा आणि आधी सेशनमध्ये मोठ्यानं वाचायचा. असे दोन मजकूर नंतर लिहिले गेले, एकही पाठवावासा वाटला नाही.

संबंध तोडायचे नव्हते, हे तिचंच म्हणणं होतं. मग मर्यादा आखल्या. आईचा फोन आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, उभ्यानं. 'तुला कोण आहे गं आमच्याशिवाय' सुरू झालं की ठरलेलं वाक्य: 'आई, मी आत्ता फोन ठेवते, बुधवारी बोलू.' कारण द्यायचं नाही, कारण दिलं की त्यावर वाद होतो. माहेरी मुक्काम नाही, दोन तासांची भेट, परतीची वेळ जातानाच सांगायची. मुलीला तिथं एकटं ठेवायचं नाही. बाबांच्या तोंडाला दारूचा वास येत असेल तर चहा न घेता निघायचं. पहिल्या दोन महिन्यांत आईचा अबोला वाढला आणि तिची अपराधी भावनाही. नियम मोडला नाही तर ती ओसरते, हे आधीच सांगून ठेवलं होतं. ओसरायला दहा आठवडे गेले.

चौदाव्या महिन्यात

प्रश्नावलीचे गुण: पहिला भाग १५ वरून ७, दुसरा १९ वरून ११. झोप सहा तास. सरांच्या मेसेजनं हात अजून गार पडतात, पण दिवस जात नाही, दहा-पंधरा मिनिटं जातात. नवऱ्याशी जवळीक हा भाग अजून अवघड आहे आणि पुढचं काम त्यावरच आहे. दोन मोठ्या आठवणींना हात लावलेला नाही; लावायचा की नाही हे तिनं ठरवायचं आहे. जुन्या वहीतले उतारे तिनं फेकले नाहीत, पण ती आता सेशनला येत नाही. येते ती नोंदवही.

सेशन महिन्यातून एक. गणपतीला कळव्याला जायचं ते दीड दिवसातल्या पहिल्या दिवशी दुपारी आरतीला, नवऱ्यासोबत, संध्याकाळी सहाच्या आत परत; त्या आठवड्यात एक जादा सेशन आधीच घेऊन ठेवलं आहे. आणि सलग तीन दिवस आकडा ७ च्या वर राहिला, स्टेशन पुन्हा चुकलं, किंवा कपाटातलं दुसरं पुस्तक रात्री बाहेर काढावंसं वाटलं, तर महिन्याच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा, असं नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.